समुद्रवालं गोंदिया

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"महिना?"

"मार्च. अगं, किती वेळा तेच ते?"

"ऋतू?"

"वसंत." विलासरावांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर हॅम्बर्गचा पाऊस तिरपा पडत होता आणि रस्त्यावरची माणसं माना खाली घालून एस-बान लोकलच्या जिन्याकडे पळत होती. "याला वसंत म्हणतो त्याचाच मेंदू तपासायला हवा खरं तर."

शोभनाला हसू आलं नाही. तिनं आवाज आणखी खाली आणला. "आणि आपण आहोत ते गाव?"

यावर ते थांबले. नुसते थांबले, बाकी काही नाही. पण तेवढ्यात शोभनाची नजर काउंटरकडे गेली. दवाखान्याच्या त्या छोट्या वेटिंग रूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. पलीकडे काउंटरवर त्यांचा मुलगा सत्यजित नर्सशी जर्मनमध्ये बोलत होता.

"हॅम्बर्ग," ते शेवटी म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून खट्याळपणे पुढे वाकले. "मास्तरीणबाई, छडी आणलीय का पर्समध्ये?"

मास्तरीणबाईंनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले होते. ढ पोरं पास केली होती, मस्तीखोर पोरं वळणावर आणली होती. पण नवऱ्याला वार, महिना आणि गावाचं नाव घोकून घ्यायची वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन आठवडे सत्यजित आणि सूनबाई ऊर्मिला कामावर गेली की घराची शाळा व्हायची, आणि ते परत यायच्या आत पाटी पुसलेली असायची.

कारण असं होतं, की सत्यजितनं स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठून सांगितलं होतं, "आई, डॉक्टरांचा बेफुंड काय येतो ते बघू. अगदीच वाईट आला तर बाबांना पुण्याजवळच्या त्या स्मृतिभ्रंश केंद्रात ठेवू. चांगलं आहे, मी चौकशी केलीय. तू नाशिकला लेकीकडे, सुकन्याताईकडे राहा. तुला एकटीला हे झेपणार नाही." बेफुंड म्हणजे तपासणीचा निकाल. तो हे सगळं अगदी मायेनं बोलला होता. ओरडला असता तर शोभना उलट ओरडली असती. मायेनं बोलणाऱ्या मुलापुढे काय करणार? ती ओट्यावरची कोथिंबीर पुन्हा एकदा निवडत बसली.

सत्यजित वाईट नव्हता हो. विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, इतकंच. प्रत्येक गोष्ट तपासता येते, तपासली की निकाल येतो आणि निकाल आला की काय करायचं ते ठरतं, यावर त्याचा भाबडा विश्वास. बाप पुण्यात काय करतो हे त्याला फोनवर कळत नव्हतं, म्हणून तीन महिन्यांसाठी आईबाप इथे आलेत तोवर तपासून घेऊ, असं त्यानं ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर तो चुकतही नव्हता. शोभनाला माहीत होतं. पुण्यात विलासराव पेठेतून घरी येताना हरवले होते आणि ओळखीच्या दुकानदारानं त्यांना रिक्षात घालून आणून सोडलं होतं, हे तिनं पोटच्या पोरांनाही कळू दिलं नव्हतं. गॅसवर रिकामं पातेलं करपलं तर ती म्हणायची, मीच विसरले. कधी ते तिच्याकडे असं काही पाहायचे की जणू चाळीतली कुणी शेजारीण साखर मागायला आलीय. मग दोन मिनिटांत "अगं" म्हणून हाक मारायचे आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. ती दोन मिनिटं तिनं कुणाला सांगितली नव्हती. स्वतःलासुद्धा नीटशी नाही.

"हे आटोपलं की सत्याला गोंदियाचं विचारू," विलासराव म्हणाले.

"विचारू. आधी हे होऊ दे."

हे गोंदिया म्हणजे शोभनाचं माहेर नव्हे. नाव तेच, गाव वेगळं. विलासराव साखर कारखान्यात ऊसविकास अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात रमतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत भांडतात. विलासराव उसाच्या मागे लागून थेट स्पेनला पोचले. आपल्याकडचा ऊस अरबांच्या हाताला लागून कुठे कुठे गेला हे वाचता वाचता त्यांना व्हॅलेन्सियाच्या खालची किनारपट्टी सापडली आणि त्या किनारपट्टीवर एक गाव. सरदारांचा राजवाडा असलेलं, एके काळी जहाजं भरभरून साखर पाठवणारं. सगळं छान होतं. फक्त गावाचं नाव गांदिया.

ते नाव त्यांनी पहिल्यांदा जेवताना मोठ्यानं उच्चारलं तेव्हा शोभनाच्या हातातली पळी आमटीत पडली. "अहो! खिडकी उघडी आहे. शेजारी काय म्हणतील?" मग काय, त्यांना आयतंच सापडलं. चार दिवस घरभर गांदिया गांदिया करत हिंडले, भाजीवाल्यासमोर केलं, तिच्या मैत्रिणीसमोर केलं. शेवटी तोडगा तिनंच काढला. "गोंदिया म्हणा. माझं माहेर आहे, कुणी नाक मुरडणार नाही." ते खूश झाले. "तुझ्या गोंदियाला तळी आहेत, याला समुद्र आहे. समुद्रवालं गोंदिया!" पुढे 'समुद्रवालं' गळून पडलं आणि नुसतं गोंदिया उरलं. दुपारी ती फोनवरून वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे. आणि नवल म्हणजे सकाळी चहा घेतला की नाही हे न आठवणाऱ्या माणसाला त्या किनाऱ्यावरचा एकेक राजा, एकेक वेढा आठवायचा. एकदा दोघांनी तिथं जाऊन समुद्रात पाय बुडवून यायचं, एवढंच ठरलं होतं. व्हिसा होता, अंगात बळ होतं. फक्त मुलाला सांगायचं राहिलं होतं.

दार उघडलं. "हेअर देशमुख, बिट्टे," आतून आवाज आला.

डॉक्टर केसलर उंच होत्या, पिकले केस बारीक कापलेले, पायात साधे कापडी बूट. विलासरावांचं इंग्रजी हल्ली पातळ झालं होतं, आणि अशी तपासणी माणसाच्या मायबोलीतच व्हायला हवी असं बाईंचं मत होतं. म्हणून त्या जर्मनमध्ये विचारणार, सत्यजित मराठीत सांगणार, बाबा मराठीत उत्तर देणार आणि सत्यजित ते परत जर्मनमध्ये नेणार, असं ठरलं. शोभना विलासरावांच्या डाव्या हाताला, खुर्ची चिकटवून बसली.

"बाबा, तीन शब्द लक्षात ठेवा. लिंबू, किल्ली, चेंडू. नंतर विचारतील."

"लिंबू, किल्ली, चेंडू," विलासराव म्हणाले. "पोरांचा खेळ आहे."

वार बरोबर आला. महिना बरोबर आला. तारखेला मात्र ते अडखळले आणि त्यांची मान हळूच डावीकडे वळली. शोभनाचा अंगठा मांडीवरच्या हाताच्या पेरांवरून सरकू लागला. एक पेर, दोन पेरं. घरी ठरलेली खूण होती ती. विलासराव पेरं मोजत असतानाच डॉक्टरांचं पेन थांबलं.

त्या काही रागावल्या नाहीत. उठल्या, शोभनाची खुर्ची स्वतः उचलली आणि मागे खिडकीपाशी नेऊन ठेवली. मग सत्यजितला काहीतरी म्हणाल्या.

"आई," सत्यजितचे कान लाल झाले होते. "तिथे बस. आणि डॉक्टर म्हणतात, आता मध्ये एक शब्द जरी बोललीस तर बाहेर बसावं लागेल."

कॉपी करताना पकडलेलं पोर जसं शेवटच्या बाकावर जातं तशी ती गेली. तिथून तिला नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त मान, आणि कॉलरच्या वर राहिलेले चार पांढरे केस, जे सकाळी कापायचे राहून गेले होते. आज पहिल्यांदाच ते तिच्याशिवाय परीक्षेला बसले होते, आणि तिला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

तारीख चुकली. शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं, ते त्यांनी झरझर केलं. जन्मभर उसाचे टन मोजलेले. घड्याळ काढायला सांगितलं, तेही काढलं, काटे जिथल्या तिथे. शोभनानं पदराखाली हात जोडले. मग तीन शब्दांची पाळी आली.

"लिंबू," विलासराव म्हणाले. "किल्ली." आणि थांबले.

चेंडू, चेंडू, चेंडू. तिनं ते इतक्या जोरात मनात म्हटलं की ओठ दुखले. मान डावीकडे वळली, तिथं कुणी नव्हतं. मान परत सरळ झाली.

"दोन पुरेत," ते म्हणाले. पण आवाज पडला होता.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग पेन बाजूला ठेवून त्या हसल्या आणि गप्पा मारल्यासारखं काही विचारलं. सत्यजितनं सांगितलं, "बाबा, त्या विचारतायत, पुढच्या काही आठवड्यांत काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

विलासराव खुर्चीत ताठ झाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच कुणी त्यांना आवडीचं विचारलं होतं.

"गोंदियाला जायचंय."

शोभनाला क्षणभर काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. बरोबर उत्तर होतं. मग तिनं सत्यजितची पाठ पाहिली. ती खचत चालली होती.

"गोंदियाला कशाला, बाबा?"

"कशाला म्हणजे? समुद्र बघायला. राजवाडा आहे तिथं सरदारांचा. त्यांच्यातला एक तर सगळं सोडून संन्यासी झाला, पुढे संत म्हणून पुजला गेला. उसाचे घाणे होते गावात. आणि तिथून वर गेलं ना की एक टेकडी आहे, तिथल्या गावाला हॅनिबलनं आठ महिने वेढा घातला होता. लोकांनी दाद दिली नाही."

सत्यजित ते जर्मनमध्ये सांगू लागला. प्रत्येक वाक्यागणिक त्याचा आवाज बारीक होत गेला. शोभनाला त्यातलं थोडंच कळत होतं. गोंदिया. इंडिएन. माइने मुटर, म्हणजे माझी आई. एवढं तिला येत होतं. मग त्यानं मान हलवली आणि "काइन मेअर" म्हणाला. मेअर म्हणजे समुद्र, हे तिला गेल्या रविवारी बंदरातल्या फेरीबोटीवर ऊर्मिलानं शिकवलं होतं. समुद्र नाही, असं सांगत होता पोरगा.

डॉक्टर लिहू लागल्या. या वेळी पेन लवकर थांबेना.

सत्यजित मागे वळला. डोळे भरले होते त्याचे. "बघितलंस, आई? हेच. रोज जेवताना गोंदिया, गोंदियाला समुद्र. म्हणून तर मी डॉक्टरांच्या भेटीचा हा टर्मिन घेतला. तू म्हणतेस वय झालं. हे वय नाहीये गं."

शोभनाला आता उलगडलं. म्हणजे पेठेत हरवणं नाही, करपलेलं पातेलं नाही. ती सगळी झाकपाक फुकट. जी एक गोष्ट या माणसाला लख्ख आठवत होती, जिच्यात तसूभर चूक नव्हती, तिच्याचपायी त्यांना वेडं ठरवलं जात होतं. आणि ते गोंदिया त्यांच्या तोंडात घातलं कुणी? तिनं. तिच्या सोवळ्या जिभेनं.

बोललं तर बाहेर. नाही बोललं तर केंद्र आणि नाशिक. आणि बोलायचं तर तो शब्द. मुलासमोर, परक्या बाईसमोर, खणखणीत आवाजात. डॉक्टरांनी कागद उलटला आणि पुढच्या पानावर पेन टेकवलं, तशी ती उठून उभी राहिली.

"गांदिया!" शोभना ओरडली.

सत्यजितचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं आपल्या आईच्या तोंडून आजवर 'गाढव'च्या पुढचा शब्द ऐकला नव्हता.

"आई, काय बोलतेस तू!"

"गांदिया! गोंदिया नाही, गांदिया! गांदिया, गांदिया, गांदिया!" आता सुटलंच होतं तर तिनं कसर ठेवली नाही. डॉक्टर उभ्या राहिल्या, दाराकडे हात करू लागल्या, पण ती हटेना. "स्पेनमधलं गाव आहे ते. खरंखुरं. असलं नाव कसं घ्यायचं म्हणून मीच त्यांना गोंदिया म्हणायला लावलं. तुला काय ठाऊक? तू विचारलंस का कधी, कुठलं गोंदिया? समुद्र आहे तिथं. राजवाडा आहे. ते एक अक्षर चुकलेले नाहीत, चुकले असेन तर मी. मला काय बाहेर बसवायचं ते बसवा, पण ते खोडा म्हणावं आधी."

डॉक्टरांचा हात दारावरून खाली आला. "गांदीया?" त्या म्हणाल्या. "इन श्पानिएन?"

"या, या!" शोभना म्हणाली. या म्हणजे हो, हेही तिला येत होतं.

सत्यजितनं फोन काढला. नकाशावर निळ्या समुद्राला लागून ते नाव होतं. व्हॅलेन्सियाच्या खाली. त्यानं बोटांनी ते मोठं केलं, पुन्हा मोठं केलं. मग तो फोन डॉक्टरांसमोर धरून बसला.

आता विलासराव सौम्यपणे म्हणाले, "सत्या, त्यांना हेही सांग की तिथं जर्मन लोकांचा साखर कारखाना होता. पाचशे वर्षांपूर्वी. रावेन्सबुर्ग म्हणून गाव आहे तुमच्याकडे, तिथले व्यापारी. थोडी वर्षं चालवला आणि परवडेना म्हणून बंद केला. कारखाने बंद कसे पडतात हे मला विचारा म्हणावं."

हे जर्मनमध्ये गेलं आणि डॉक्टर केसलर खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसल्या. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"बाबा, त्या स्वतः रावेन्सबुर्गच्या आहेत," सत्यजित म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. "त्यांना हे माहीत नव्हतं. आणि त्या सुट्टीला डेनियाला जातात, ते तिथून जवळ आहे म्हणतायत."

"डेनिया? ते तर डायना देवीचं गाव, रोमन लोकांनी नाव ठेवलेलं. पुढे अरबांनी तिथं एवढं आरमार उभारलं की बेटंच्या बेटं घेतली. नंतर मनुके विकून श्रीमंत झाले ते लोक."

मग विलासराव असे सुटले की सत्यजितची दमछाक झाली. त्यांनी टेबलावर बोटानं किनारा काढला आणि वरून खाली गावं मांडत गेले. बेनिकार्लो, बेनिसा, बेनिडॉर्म. "बेनी म्हणजे अरबीत अमक्यातमक्याची पोरं. त्या घराण्याची वस्ती म्हणून ते गाव. म्हणजे आपलं बेणंच की! उसाचं बेणं आणि घराचं बेणं, एकच."

सत्यजित अडला. "बाबा, बेणंला जर्मनमध्ये काय म्हणू?"

"तुला लहानपणी म्हणायचो तेच सांग. इरसाल बेणं."

सत्यजित हसला. किती दिवसांनी बापाबरोबर हसला तो. मागे खिडकीपाशी उभ्या असलेल्या शोभनाला वाटलं, आता पावसात जाऊन नाचावं. तिनं पदरानं डोळे पुसले. तिचा विद्यार्थी बोर्डात आला होता.

"शेवटी काय झालं पण," विलासराव सांगत होते, आणि त्यांचा आवाज खाली आला. "राजानं हुकूम काढला. ज्यांचे आजेपणजे मुसलमान होते ती सगळी माणसं देशाबाहेर. गोंदियाचा ऊस तीच माणसं लावायची, तीच तोडायची. त्यांना डेनियाच्या बंदरावर नेलं आणि जहाजांत भरलं. काहींची लहान पोरं इकडेच ठेवून घेतली म्हणतात. घरं फोडली हो. मग ऊस कोण लावणार? पुन्हा काही पूर्वीसारखा पिकला नाही तिथं. माणूस हलवला की संपलं."

यातलं शेवटचं वाक्य सत्यजितनं डॉक्टरांना सांगितलं नाही. तो बापाकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी मघाचं पान पुढे ओढलं आणि लिहिलेल्यावर एक लांब रेघ मारली. ती रेघ शोभनाला खिडकीपासून दिसली. मग त्यांनी टोपण हातात घेतलं आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं. सत्यजितनंही ते सहज सांगितलं.

"बाबा, मग गांदियाला कुणाबरोबर जाणार?"

"शोभनाबरोबर," विलासराव म्हणाले. "दुसऱ्या कुणाबरोबर जाणार? ती जरा माहेरी गेलीय, गोंदियाला. आली की निघू."

सत्यजितचा चेहरा पांढरा पडला. शोभना नकळत पुढे आली, टेबलापर्यंत. विलासरावांनी वर पाहिलं. तेच पाहणं, तिला पाठ असलेलं. साखर मागायला आलेल्या शेजारणीकडे बघावं तसं. नेहमी घरात, दार लावून घेतल्यावर यायचं. आज भर उजेडात, मुलाच्या पुढ्यात आलं.

ते अदबीनं खुर्चीतून थोडे उठले. "बसा ना बाई. तुम्ही कुठल्या?"

जन्मात त्यांनी तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

शोभनानं टेबलाची कड धरली. रडू आलं होतं, ते तिनं गिळलं. घाबरलेल्या पोरासमोर मास्तरणीनं रडायचं नसतं.

"मी गोंदियाची," ती म्हणाली.

"अरे वा! मग आमच्या शोभनाला ओळखत असाल."

"ओळखते ना."

"कधी यायची म्हणत होती काही?"

"निघालीय. येईल इतक्यात."

"वास सागट एअर?" डॉक्टरांनी विचारलं. काय म्हणतायत ते?

सत्यजितनं आईकडे पाहिलं. आता त्याला सगळं कळलं होतं. हेही कळलं होतं की तिला हे कधीपासून माहीत होतं, आणि ते एकटीनं उचलून ती किती लांब चालत आली होती. शोभनानं त्याला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तिच्याजवळचे शब्द संपले होते. जे काही व्हायचं ते आता तिच्या मुलाच्या जिभेवर होतं.

तो उठला. खिडकीपाशी गेला, तिथली आईची खुर्ची उचलून आणली आणि बाबांच्या डाव्या हाताला, पहिल्या जागी ठेवली. मग डॉक्टरांकडे वळून एकेक शब्द सावकाश म्हणाला.

"मिट माइनर मुटर." माझ्या आईबरोबर.

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. बाबा तेच म्हणाले होते.

डॉक्टर केसलर त्याच्याकडे बघत राहिल्या, मग शोभनाच्या टेबलावरच्या हाताकडे. अशी जोडपी त्या रोज बघत असणार. त्यांना मराठी येत नव्हतं, पण इतकी वर्षं त्या खुर्चीत बसल्यावर कळायला भाषा लागत नसावी. त्या पुढचं वाक्य येण्याची वाट बघत होत्या.

"उंड मिट मिअर," सत्यजित म्हणाला. आणि माझ्याबरोबर. हे त्यानं आईला मराठीत सांगितलं नाही. तिला आपोआप कळलं.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. काय लिहिलं ते त्यांनी नंतर सत्यजितला बाजूला घेऊन बराच वेळ समजावून सांगितलं. शोभनानं ऐकायचा प्रयत्न केला नाही. औषधं असतील, पुन्हा यायचं असेल. बाहेर येताना तो एवढंच म्हणाला, "आई, केंद्रवाल्यांना मी नको म्हणून कळवतो. पुढचं आपण मिळून बघू." आणि मग भिंतीकडे तोंड करून त्यानं नाक पुसलं.

वेटिंग रूममध्ये तिनं विलासरावांना कोट चढवला. बटणं लावताना ते तिच्याकडे बघत होते. वरचं बटण लागलं तशा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या, आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अगं, होतीस कुठे इतका वेळ?"

"गोंदियाला गेले होते," शोभना म्हणाली. "आले आता."